माती आक्रसते, प्लास्टर फुगतं

भाद्रपद तोंडावर आला की लातूर जिल्ह्यातल्या मुरुडच्या बाजारात गणपतींचे मांडव पडतात. एका मांडवात आमचे कुंभारमामा शाडूच्या मूर्ती घेऊन बसतात, समोरच्यात टेम्पोतून उतरलेला ‘पेणचा माल’, म्हणजे प्लास्टरच्या मूर्ती. गिऱ्हाईक आधी मामांकडे येतं, मूर्ती उचलतं, “लई जड हाय की” म्हणतं आणि समोर जातं. मामांच्या घरात तीन पिढ्यांचं चाक. तरी समोरच्या गणपतीची बोटं सुटी दिसतात आणि मामांच्या गणपतीची एकमेकांना चिकटलेली. मामा आळशी नाहीत, अडाणी तर नाहीतच.

खोट आहे ती मातीच्या स्वभावात. शाडू वाळताना पाणी सोडते आणि आक्रसते. दहा इंचांची ओली मूर्ती वाळून साडेनऊच्या आसपास भरते. त्यातही सोंड आधी वाळते, पोट मागं राहतं आणि सांध्याला तडा जातो. तो ओल्या मातीनं बुजवला की तिथली कोर गेलीच. प्लास्टर ऑफ पॅरिसचं, म्हणजे पीओपीचं, उलटं. जिप्सम साधारण १५० अंशांवर भाजलं की त्यातलं तीन चतुर्थांश पाणी उडतं. त्या भुकटीत पाणी कालवलं की अर्ध्या तासात दगड. घट्ट होताना ती केसभर फुगते, म्हणून साच्याच्या कानाकोपऱ्यात शिरते. शिवाय रबरी साचा मोज्यासारखा सोलून काढता येतो. हाराचा मणी, सोंडेखालची पोकळी, सगळं शाबूत. मामांचा साचा कडक, त्यात माती दाबायची. आत वळलेली रेघ तिथं अडकते, म्हणून ती मुळात ठेवायचीच नाही.

तो साचाही आजोबांच्या मूर्तीवरून घेतलेला. मूर्तीवरून साचा, साच्यावरून पुन्हा मूर्ती; दर खेपेला गणपती थोडा लहान, थोडा बोथट. पेणची मूर्ती विकत आणून तिच्यावरून साचा काढणारेही बाजारात आहेत. धड जमतं, डोळे जमत नाहीत.

डोळ्यांचं गणित वेगळं आहे. रायगड जिल्ह्यातल्या पेणला आणि भोवतालच्या हमरापूर, जोहे, कळवे या गावांत काम वाटलेलं असतं: ओतणारा वेगळा, घासणारा वेगळा, रंगाचा स्प्रे मारणारा वेगळा. आखणी करणारा डोळ्यांवरच बसतो. बारीक कुंचला, रोखलेला श्वास, पापणीची रेघ एका दमात. तिथून कच्च्या मूर्तीही बाहेर जातात, पण बिनडोळ्यांच्या. नजर ज्यानं त्यानं आणायची. मामा उन्हाळ्यात माठ करतात, पोळ्याला मातीचे बैल, दिवाळीला पणत्या. डोळ्यांना त्यांचा कुंचला लागतो तो वर्षातून महिनाभर. एवढ्यात हात बसायचा कसा?

आमच्या भागाला हातच नव्हता, असं मात्र कुणी म्हणू नये. संत गोरोबाकाकांचं तेर इथून जवळच, तेरणा नदीच्या काठी. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सातवाहनकाळातल्या पांढऱ्या केओलिन मातीच्या मूर्ती आहेत. दुहेरी साच्यातल्या, आतून पोकळ, केसांची गुंफण अजून मोजता येईल अशा. तिथलीच एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती १९३८ साली इटलीत पॉम्पेईला सापडलेल्या मूर्तीची बहीण शोभते. म्हणजे पोकळ मूर्तीची युक्ती इथं दोन हजार वर्षांपूर्वीच ठाऊक होती. फरक इतकाच की त्या मृण्मूर्ती भट्टीत भाजल्या. गणपती भाजून चालत नाही. त्याला पाण्यात विरघळायचं असतं. कुंभाराचं सगळ्यात मोठं हत्यार, आग, या एकाच कामात बाद होतं.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं मे २०२० मध्ये पीओपीच्या मूर्तींना मनाई केली. २०२५च्या सुरुवातीला मुंबई उच्च न्यायालयानं ती कडक पाळायला सांगितलं, तेव्हा मामांनी उधारीवर जास्तीची शाडू भरली. ९ जूनला त्याच न्यायालयानं पीओपी मूर्ती बनवायला आणि विकायला मुभा दिली. नदी-तलावात त्या बुडवायच्या नाहीत, एवढी अट तेव्हा होती. मामांची पोती ओसरीत राहिली. न्यायालयाशी माझं भांडण नाही, पेणच्या हजारो पोटांचा प्रश्न होताच; पण उधारीची तारीख कुणासाठी थांबत नाही.

संध्याकाळी गर्दी ओसरली की मामा काडेपेटीतली काडी ब्लेडनं तासतात आणि रंग न दिलेल्या एखाद्या मूर्तीची बोटं सोडवत बसतात. माती वाळलेली असते. काडी मोडते. ते दुसरी तासायला घेतात.