भेंडवळ, हवामान खातं आणि आमची वही

अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद तालुक्यात, भेंडवळच्या एका शेतात घट मांडतात. मातीत गोल आखायचा आणि त्याच्या कडेने अठरा धान्यं ठेवायची. गहू, ज्वारी, तूर, मूग, उडीद, तीळ, जवस, करडी, सरकी, भादली, अशी सगळी. मधल्या खड्ड्यात चार ढेकळं, ती पावसाळ्याच्या चार महिन्यांची. त्यांच्यावर पाण्याने भरलेली घागर आणि पापड, पुरी, करंजी, कुरडई. पानविडा म्हणजे राजा. रात्रभर तिकडे कोणी फिरकत नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताना वाघ घराण्यातले महाराज घटाची पाहणी करतात. कोणता दाणा जागचा हलला, कोणतं ढेकूळ किती भिजलं, यावरून कोणत्या महिन्यात पाऊस कसा, कोणतं पीक साधेल, रोगराई येईल का, राजाची गादी टिकेल का, ते सांगितलं जातं. चंद्रभान महाराजांनी सुरू केलेली ही परंपरा साडेतीनशे वर्षांची असल्याचं लोक सांगतात.

माझा थोरला भाऊ अकोट तालुक्यात शेती करतो आणि ही घटमांडणी मानतो. मी अमरावतीच्या शाळेत विज्ञान शिकवलं. मी मानत नाही. दाणा वाऱ्याने हलतो, मुंगीने हलतो, उंदराने हलतो. त्या हलण्याचा आणि जुलैतल्या पावसाचा काही संबंध असल्याचा पुरावा मला दिसलेला नाही, आणि हे मी दादाला तोंडावर सांगते. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनीही या भाकितांवर जाहीर आक्षेप घेतले आहेत. पण ‘हे खोटं आहे’ म्हटलं की बोलणं तिथेच संपतं. समोरचा माणूस ते का मानतो, हे विचारलं की बोलणं सुरू होतं, असा माझा अनुभव आहे.

“दादा, तुले काहून पटते हे?” असं मी विचारलं तेव्हा त्याने आधी सगळेच देतात ते उत्तर दिलं. आजा मानत होता, बाबा मानत होते. थोडा वेळ गप्प बसला आणि मग खरं कारण निघालं. “मले बियाणं पावसाच्या आधीच घ्या लागते. तवा पावसाचं दुसरं कोन सांगते मले? तुहं हवामान खातं देशाचं सांगते. माह्या वावराचं कोन सांगते?”

या प्रश्नाचं वजन कळायला पूर्णेचं खोरं माहीत असावं लागतं. अमरावती, अकोला, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा पसरलेला आहे. विहीर खणा, बोअर मारा, पाणी खारट लागतं. ते पिकाला द्यायची सोय नाही, दिलं तर जमीन चोपण होते. वरून पडेल तेवढंच पाणी आपलं. मृगाचा एखादा पाऊस आला की तिफन काढायची, आणि नंतर तीन आठवडे उघाड पडली की उगवलेलं करपताना पाहायचं. दुबार पेरणी म्हणजे बियाणं, खत, मजुरी सगळं पुन्हा, बहुतेक वेळा उधारीवर. कृषी विभाग दरवर्षी सांगतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. सल्ला बरोबर आहे. पण शेजाऱ्याच्या वावरात तिफन फिरत असताना धुऱ्यावर हात बांधून उभं राहणं किती कठीण असतं, ते मी घरात पाहिलेलं आहे. अशा माणसाला कोणी महिन्यागणिक पाऊस सांगत असेल तर तो ऐकायला जाणारच. त्याला अडाणी म्हणणाऱ्याने एकदा उधारीच्या बियाण्यावर पेरणी करून पाहावी.

प्रश्न विचारण्याची रीत मात्र आमच्या घरात विज्ञानाच्या पुस्तकातून आलेली नाही. ती आजोबांकडून आली. याच पूर्णेच्या काठी ऋणमोचनच्या यात्रेत त्यांनी गाडगेबाबांचं कीर्तन ऐकलं होतं. गाडगेबाबा म्हणजे डेबूजी झिंगराजी जानोरकर, ते १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मले आणि मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाकडे गुरं राखत, शेती करत वाढले. बारशाला दारू-मटण घालायची जातीची रूढ असताना त्यांनी मुलीच्या बारशाला गोडाचं जेवण घातलं. १९०५ मध्ये घर सोडलं, आणि पुढे आयुष्यभर हातात झाडू आणि गाडगं. बाबा उपदेश कमी करत आणि विचारत जास्त. देवाला दिवा कोण दाखवतो, देवाच्या नैवेद्यावरचं कुत्रं कोण हाकलतो, असं विचारायचे आणि ‘आम्ही’ हे उत्तर गर्दीच्याच तोंडून काढून घ्यायचे. सत्यनारायणाच्या कथेत बुडालेली नाव वर येते. मग लढाईत समुद्रात बुडालेली एवढी जहाजं पूजा घालून का वर काढत नाहीत, हाही त्यांचा प्रश्न होता. ऐकणारे हसत, आणि आपण आजवर हे का मानत आलो, हा विचार घेऊन घरी जात.

इंग्लंडमधल्या फ्रान्सिस बेकनने १६२० च्या आपल्या ग्रंथात जहाजांचीच एक जुनी गोष्ट सांगितली आहे. नवस बोलून वादळातून वाचलेल्यांची चित्रं देवळात टांगलेली होती. ती दाखवून एकाला विचारलं, आता तरी देवाची शक्ती मानशील ना? तो म्हणाला, नवस बोलूनही जे बुडाले त्यांची चित्रं कुठे आहेत? आपली बरीचशी मतं अशीच टिकून असतात. खरं ठरलेलं भाकीत पारावर वर्षानुवर्षं सांगितलं जातं. चुकलेल्याचं चित्र कोणी टांगत नाही. त्यात ‘कुठे कमी, कुठे जास्त’ असं भाकीत असेल तर ते चुकणारच नाही, कारण वऱ्हाडात दर पावसाळ्यात कुठे तरी कमी आणि कुठे तरी जास्त पडतोच.

आमच्या आजोबांना बाबांचं कीर्तन पटायचं आणि ते भेंडवळचं भाकीतही विचारून घ्यायचे. एकाच माणसात दोन्ही राहत होतं. माणसं अशीच असतात, आणि त्यांच्याशी बोलताना हे धरूनच बोलावं लागतं.

दादाने मग मलाच धरलं. “तुहा काहून भरवसा त्या खात्यावर?” हा प्रश्न त्याच्या हक्काचाच होता. दुसऱ्याच्या मताची झडती घ्यायची आणि आपलं मत कुलपात ठेवायचं, याला आदर म्हणता येत नाही. मी त्याला आकडे सांगितले. जून ते सप्टेंबर देशात सरासरी ८७ सेंटिमीटर पाऊस धरतात, आणि त्याच्या ९६ ते १०४ टक्के पडला तर सामान्य म्हणतात. २००२ साली खात्याने १०१ टक्के सांगितला होता. प्रत्यक्षात १९ टक्के तूट पडली, देश दुष्काळात गेला. सोळा घटकांवर चालणारं जुनं सूत्र खात्याने त्यानंतर बदललं. २००९ ला पुन्हा मोठी चूक झाली. एप्रिलमध्ये ९६ टक्के म्हटलं, पडला ७८. २०२३ मध्ये ९६ सांगितला आणि ९४ झाला, पण त्यातला ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. २०२४ ला १०६ सांगितला, १०८ झाला. माझा भरवसा खातं चुकत नाही म्हणून नाही. त्याची चूक आकड्यात पकडता येते आणि पकडली गेल्यावर त्याला पद्धत बदलावी लागते, म्हणून आहे.

दादाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “देशात चौऱ्याण्णव झाला, पन मले त्याचा काय उपेग?” बरोबर होतं त्याचं. महसूल मंडळाचं पर्जन्यमापक गावापासून लांब असतं. तिथे पन्नास मिलिमीटर पडलेल्या दिवशी त्याच्या वावरात धूळ उडालेली असू शकते. त्याच्याजवळचा हा पुरावा माझ्याकडे नव्हता.

त्यातून आमची वही सुरू झाली. धुऱ्यावर प्लास्टिकचं साधं पर्जन्यमापक रोवलंय. अक्षय तृतीयेनंतर भेंडवळचं भाकीत वहीत उतरवायचं, महिनाअखेरीला खात्याचा सुधारित अंदाज, आणि अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातून मंगळवारी आणि शुक्रवारी येणारा जिल्ह्याचा सल्लाही. प्रत्येकापुढे आधीच लिहून ठेवायचं की किती पडला तर हे चुकलं म्हणायचं. सगळ्यात जास्त वाद याच रकान्यावर झाला. ‘साधारण’ म्हणजे किती? शेवटी दादानेच तोडगा काढला. जे वाक्य कशानेच चुकू शकत नाही ते वेगळ्या पानावर लिहायचं. ‘कुठे कमी, कुठे जास्त’ त्या पानावर गेलं. खात्याचा देशभराचा टक्काही त्याने त्याच पानावर घातला, कारण आपल्या वावराबद्दल तो काहीच सांगत नाही. मी हरकत घेतली नाही.

मला गाडगेबाबा आणि बाबासाहेब आंबेडकर ही जोडी इथे नेहमी आठवते. ‘हिंदू म्हणून मरणार नाही’ अशी घोषणा बाबासाहेबांनी १९३५ मध्ये येवल्यात केली होती. गाडगेबाबा शेवटपर्यंत गोपाला गोपाला म्हणत कीर्तन करत राहिले. तरी १९४९ मध्ये बाबांनी पंढरपूरची आपली धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हाती दिली. वाट वेगळी होती, म्हणून माणसावरचा विश्वास आटला नाही. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले आणि २० डिसेंबरला अमरावतीजवळ बाबा गेले. याच महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१३ ला अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना पुण्यात गोळ्या घातल्या गेल्या. प्रश्न विचारणारा माणूस नकोसा झाला की कुठवर मजल जाते, ते आपण पाहिलेलं आहे. म्हणूनच घरातल्या घरात, भाऊ-बहिणीत, न चिडता वाद घालायची सवय मला मोलाची वाटते.

वहिनी आमचं हे सगळं बाजूला बसून ऐकायची. तिला काय वाटतं, हे आम्ही दोघांनीही विचारलं नव्हतं. विचारलं तेव्हा ती म्हणाली, “मले तं दोघायचंही सांगता येत नाही. पाऊस कमी झाला तं तूर हाती लागीन, बरा झाला तं सोयाबीन. दोन्ही पेरा.” तुरीची मुळं खोल जातात, उघाड ती जास्त सोसते. विद्यापीठही सोयाबीनमध्ये तुरीचं आंतरपीक घ्यायला सांगतं. आता वहीत वहिनीचाही रकाना आहे. त्यात पावसाचा अंदाज नसतो. सोयाबीनच्या किती तासांमागे तुरीची दोन तासं घ्यायची, तेवढंच असतं. त्या आकड्यावर तिचं आणि दादाचं अजून जमलेलं नाही.