तोफ कोण निवडतं? लष्कर, सरकार आणि खरेदीची फाईल



लष्कर आणि सरकार यांच्या नात्यावर बोलायला लागलं की पहिला प्रश्न हमखास एकच येतो. पाकिस्तानात, बांगलादेशात, म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतली, मग आपल्याकडे का नाही? प्रश्न चांगला आहे आणि त्यावर चांगली पुस्तकंही आहेत. स्टीव्हन विल्किन्सन यांचं 2015 चं 'आर्मी अँड नेशन' मुख्यतः याच प्रश्नाचं उत्तर शोधतं. स्वातंत्र्यानंतर सरसेनापतीचं महत्त्व ठरवून कमी केलं गेलं. दिल्लीत कमांडर-इन-चीफ राहायचे तो बंगला नेहरूंनी पंतप्रधानांचं निवासस्थान केला, तेच आजचं तीन मूर्ती भवन. 1955 मध्ये ते पदच गेलं आणि तिन्ही दलांचे तीन प्रमुख झाले.

आज मला तिथे थांबायचं नाही. बंड झालं नाही हे उत्तमच, पण रोजच्या कारभाराचं काय? सैन्याला तोफ हवी आहे. कोणती, हे कोण ठरवतं? पैसे कोण मोजतं? आणि तोफ आलीच नाही तर जबाब कोण देतं? या नात्याची खरी परीक्षा मला या प्रश्नांत दिसते, आणि तिच्यात आपण फारसे चांगले पास झालेलो नाही.

थोडं अभ्यासकांकडे जाऊ. सॅम्युअल हंटिंग्टन यांनी 1957 मध्ये 'द सोल्जर अँड द स्टेट' लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : लष्कराला त्याच्या व्यवसायात मोकळीक द्या, ते राजकारणापासून आपोआप दूर राहील. पुढे 2003 मध्ये पीटर फीव्हर यांनी वेगळी मांडणी केली. त्यांनी या नात्याकडे काम देणारा आणि काम करणारा यांचं नातं म्हणून पाहिलं. तुम्ही घर बांधायला ठेकेदार नेमता. मालक तुम्ही, पण सिमेंट किती लागतं हे त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. मग तुम्ही काय करणार? रोज साईटवर जाऊन डोक्यावर बसणार, की विश्वास टाकून मोकळे होणार? दोन्हींची किंमत मोजावी लागते.

शस्त्रखरेदीत हा गुंता आणखी वाढतो. मंत्र्याला तोफेतलं कळत नाही, सेनाधिकाऱ्याला करारातलं कळत नाही, सचिवाला दोन्हीतलं थोडं थोडं कळतं आणि विकणाऱ्या कंपनीला सगळंच कळतं.

आता बोफोर्स. नाव ऐकून कंटाळू नका. लाचेची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, मला तिच्या पुढची सांगायची आहे.

24 मार्च 1986 ला भारत सरकारने स्वीडनच्या बोफोर्स कंपनीशी 155 मिलिमीटरच्या 410 तोफांचा करार केला. किंमत सुमारे 1,437 कोटी रुपये. करार होण्याच्या जेमतेम महिनाभर आधीपर्यंत लष्कराच्या पसंतीत फ्रान्सची सोफ्मा तोफ वर होती. मग पसंती बदलली. बोफोर्सची तोफ मारा करून स्वतःच्या ताकदीवर झटकन जागा बदलू शकत होती, हे तिच्या बाजूचं मोठं कारण सांगितलं गेलं. कारण खोटं नव्हतं. पण व्यवहारात मध्यस्थ नकोत असं सरकारने बजावलेलं असताना 16 एप्रिल 1987 ला स्वीडिश रेडिओने लाच दिल्याची बातमी दिली आणि तोफेच्या गुणांची चर्चा संपली. संसदेची संयुक्त समिती झाली, 1989 मध्ये महालेखापालांच्या म्हणजे कॅगच्या अहवालाने निवडीवर आणि वाटाघाटींवर बोट ठेवलं, विरोधी खासदारांनी लोकसभेचे राजीनामे दिले आणि त्याच वर्षी सरकार पडलं. खटले मात्र वर्षानुवर्षं चालूनही लाचेबद्दल शेवटी एकालाही शिक्षा झाली नाही.

दहा वर्षांनी, 1999 च्या उन्हाळ्यात, कारगिलच्या डोंगरांवर याच तोफा कामाला आल्या. म्हणजे तोफ चांगली आणि व्यवहार संशयास्पद, दोन्ही एकाच वेळी खरं. आपल्याला हे पचायला जड जातं. व्यवहारात घाण आहे म्हणजे माल भिकार असणार, किंवा माल चांगला म्हणजे व्यवहार स्वच्छ असणार, असं आपण धरून चालतो.

खरं नुकसान नंतर झालं. बोफोर्सनंतर साधारण तीस वर्षं भारतीय लष्कराने 155 मिलिमीटरची एकही नवी तोफ विकत घेतली नाही. निविदा निघाल्या, वाळवंटात आणि डोंगरात चाचण्या झाल्या, निविदा रद्द झाल्या, परत निघाल्या. 2005 मध्ये दक्षिण आफ्रिकेची डेनेल काळ्या यादीत गेली. 2012 मध्ये आणखी सहा कंपन्यांवर दहा वर्षांची बंदी आली, त्यांत सिंगापूर आणि इस्रायलच्या मोठ्या शस्त्रकंपन्या होत्या. लाच देणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी. पण जगात मोठ्या तोफा बनवणारे बोटांवर मोजण्याइतके. त्यातले दोन-तीन बाद झाले की चाचणीत एकच उरतो, आणि एकच उरला की स्पर्धा नाही म्हणून फाईल पुन्हा पहिल्या टेबलावर.

सही करणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. खरेदी केली आणि वीस वर्षांनी चौकशी लागली, तर निवृत्तीनंतरही कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. खरेदी केलीच नाही तर? काही होत नाही. न घेतलेल्या तोफेबद्दल आजवर कोणावर खटला झाल्याचं मी वाचलेलं नाही.

बरं, सगळा दोष साऊथ ब्लॉकच्या बाबूंवर टाकून लष्कराला मोकळं सोडावं, तर तेही खरं नाही. शस्त्र कसं हवं याची गुणवत्तेची यादी लष्करच लिहितं. 2011 मध्ये 66,000 रायफलींची निविदा निघाली. अट अशी, की एकाच रायफलीची नळी बदलून दोन वेगवेगळ्या मापांच्या गोळ्या झाडता याव्यात. कागदावर भारी वाटतं. चार वर्षांनी, 2015 मध्ये, ती निविदा रद्द झाली आणि जवान जुनीच इन्सास घेऊन उभा राहिला. त्या काळात संरक्षणमंत्री होते गोव्याचे मनोहर पर्रीकर. आयआयटीचे इंजिनिअर, त्यामुळे याद्या स्वतः वाचणारे. काही याद्या मार्व्हलच्या कॉमिक्समधून उचलल्यासारख्या वाटतात, अशी टोपी त्यांनी जाहीरपणे उडवली होती. पण याद्या स्वतः वाचू शकणारे मंत्री आपल्याला किती मिळाले?

नेमका हाच मुद्दा अनित मुखर्जी यांच्या 'द ॲबसेंट डायलॉग' या पुस्तकाचा आहे. नावातच सगळं आलं : जो संवाद व्हायला हवा तो होतच नाही. त्यांच्या मते आपल्याकडे तीन गोष्टी एकत्र नांदतात. राजकारणी आणि नोकरशहा यांच्याकडे लष्करी विषयाचं ज्ञान कमी, कागदपत्रांवर नोकरशाहीची पकड घट्ट, आणि लष्कराला स्वतःच्या मानलेल्या विषयांत भरपूर स्वायत्तता. म्हणजे यादी कशी असावी हे कोणी विचारत नाही आणि यादी मंजूर झाली की प्रत्येक स्वल्पविरामावर शेरा येतो. हंटिंग्टन यांची मोकळीक आणि फीव्हर यांची देखरेख, दोन्ही आहेत, फक्त चुकीच्या जागी.

याची झळ कुठे लागते त्याचा एक आकडा सांगतो. कॅगने 2017 च्या अहवालात दारूगोळ्याचा हिशोब मांडला. अपेक्षित साठा 40 दिवसांच्या तीव्र युद्धाला पुरेल इतका. सप्टेंबर 2016 मध्ये तपासलेल्या 152 प्रकारांपैकी 61 प्रकारांचा साठा दहा दिवसांनाही पुरणारा नव्हता. हा अहवाल संसदेत आला म्हणून आपल्याला कळला. काही जण म्हणाले, शत्रूला ही माहिती कशाला द्यायची? मला ते पटत नाही. गोळे कमी आहेत हे सीमेवरच्या तोफखान्याला रोज दिसतं, तर ज्यांच्या पैशाने ते घ्यायचे त्यांच्यापासूनच का लपवायचं?

तोफांची कोंडी शेवटी फुटली. अमेरिकेशी सरकार-ते-सरकार करार करून 145 हलक्या एम-777 तोफा घ्यायचं ठरलं. 9 नोव्हेंबर 2018 ला नाशिकजवळच्या देवळालीत, जिथे तोफखान्याचे अधिकारी तयार होतात, तिथे ती तोफ आणि कोरियन बनावटीवर आधारित के-9 वज्र एकाच दिवशी लष्करात दाखल झाल्या. पुढच्या एप्रिलमध्ये जबलपूरमधून 'धनुष'च्या पहिल्या सहा तोफा मिळाल्या. धनुष कशावर बेतली आहे ठाऊक आहे? 1986 च्या करारात बोफोर्सकडून मिळालेल्या आराखड्यांवर. ते कागद एवढी वर्षं आपल्याच कपाटात होते.

1 जानेवारी 2020 ला जनरल बिपिन रावत पहिले संरक्षण दल प्रमुख झाले आणि मंत्रालयात लष्करी व्यवहार विभाग नावाचा नवा विभाग आला. त्याचा सचिव गणवेशातला, हे आपल्याकडे पहिल्यांदाच घडलं. या विभागाच्या कामांच्या यादीत तिन्ही दलांची खरेदी आहे, पण त्यापुढे एक अपवाद लिहिलेला आहे : भांडवली खरेदी सोडून. म्हणजे तोफ, विमान, पाणबुडी यांच्या फाईली अजूनही मुलकी अधिकाऱ्यांच्या संरक्षण विभागातच जातात. हा अपवाद ठेवावा की काढावा, यावर दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं बरंच आहे. ते पुढच्या भागात.