फोर्टच्या जुन्या नकाशात हरवून पाहा!

मुंबईच्या किल्ल्याचा १८६० पूर्वीचा एखादा नकाशा उघडा आणि आधी सेंट थॉमस कॅथेड्रल शोधा. १७१८ पासून ते जागचं हललेलं नाही, त्यामुळे आजच्या नकाशाशी जुळवायला याहून चांगली खूण नाही. तिथून सरळ पश्चिमेला आलात की तटबंदीतला चर्चगेट दरवाजा लागतो. आज त्या जागी फ्लोरा फाउंटन आहे! बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना तट पाडले गेले आणि नंतर तिथे कारंजं उभं राहिलं. चर्चगेट स्टेशन मात्र त्या दरवाजापासून बरंच पश्चिमेला, तटाबाहेर आहे.

तटाबाहेर नकाशात मोठी मोकळी जागा दिसेल, ती एस्प्लनेड. तोफांच्या माऱ्याआड काही येऊ नये म्हणून ती मुद्दाम रिकामी ठेवली होती. ओव्हल, क्रॉस, आझाद ही मैदानं तिचेच उरलेले तुकडे. मला हा भाग सगळ्यात आवडतो: ओव्हलवर आज क्रिकेट रंगतं ते लष्करी गरजेमुळे.

मरीन ड्राइव्ह शोधू नका, तिथे समुद्रच आहे.

करून पाहायचं असेल तर गूगल अर्थवर जुना नकाशा ‘इमेज ओव्हरले’ म्हणून टाका, कॅथेड्रलसारख्या न बदललेल्या दोन-तीन खुणा जुळवा आणि पारदर्शकता कमी-जास्त करत राहा. एक लक्षात ठेवा, नकाशा काढणाऱ्याला जे महत्त्वाचं वाटलं तेच त्यात बारकाईने येतं. कोरी जागा म्हणजे तिथे वस्ती नव्हती असं धरू नका.

तुमच्या गावाचा जुना नकाशा असेल तर कमेंटमध्ये नक्की टाका!