परातीला अजून कोण धरून आहे?

सदाशिव पेठेतल्या एका कार्यालयात भाचीचं लग्न होतं. पाहुणे पांगले आणि मी कोठीघराच्या दारात भांडी मोजून द्यायला उभा राहिलो. वाट्या, पेले, ओगराळी, पराती. कोठीवाले काका वहीत एकेक खूण करत होते. शेवटी एक परात कमी भरली. सापडली ती मागच्या अंगणात. आचारी म्हणाला, वाढप्यांना लागेल म्हणून ठेवली. वाढपी म्हणाले, आचाऱ्याची म्हणून आम्ही हात लावला नाही. मंडपात कुणालाच नको असलेली परात दोघांच्या भिडेपोटी अडकून पडली होती.

मला हसू आलं, कारण पायथन ही संगणकभाषा अशाच वहीवर चालते. तिच्यातल्या प्रत्येक वस्तूला, म्हणजे ऑब्जेक्टला, एक आकडा चिकटलेला असतो: मला आत्ता किती जणांनी धरलंय? कुणी नवं नाव दिलं की एक वाढतो, सोडलं की एक घटतो. शून्य झाला की वस्तू त्याच क्षणी मोडीत, जागा मोकळी. ही युक्ती जॉर्ज कॉलिन्स यांनी १९६० साली मांडली, पायथनच्या जन्माच्या कितीतरी आधी. तिची खोट म्हणजे आमची परात. दोन वस्तूंनी एकमेकींना धरलं की बाहेरचं कुणी उरलं नाही तरी आकडा शून्यावर येत नाही. म्हणून २००० साली, पायथन २.० मध्ये, अशी वर्तुळं हुडकणारा वेगळा झाडूवाला नेमावा लागला.

पण खरी मौज प्रोग्रॅम संपताना असते. आपल्याला वाटतं, दिवा मालवला, संपलं. तसं नसतं. आधी ‘जाताना एवढं करा’ म्हणून नोंदवलेली कामं उरकली जातात. मग एकेका मॉड्यूलचा, म्हणजे प्रोग्रॅमच्या सुट्या भागाचा, हात सोडला जातो आणि झाडूवाला फिरतो. तरीही जी मॉड्यूलं तग धरून राहतात, त्यांच्यातली नावं पुसायला घेतात. त्यातही मानपान आहे: एका अधोरेषेने सुरू होणारी खासगी नावं आधी, बाकीची नंतर. ज्यांच्यावाचून कुणाचंच चालत नाही ती ‘सिस’ आणि ‘बिल्टिन्स’ ही दोन मॉड्यूलं अगदी शेवटी, यजमानांसारखी.

पुसायचं म्हणजे नावासमोर ‘नन’, म्हणजे ‘काहीच नाही’, लिहायचं. जुन्या पायथनमध्ये यातून भुताटकी व्हायची. माझा प्रोग्रॅम बिनचूक उत्तर देऊन संपायचा आणि जाता जाता एक ओळ टाकायचा: ‘नन’ला फंक्शन म्हणून हाक मारता येत नाही. त्या ओळीचा शेवटचा शब्द तर ‘दुर्लक्षित’ अशाच अर्थाचा! मरणारी एखादी वस्तू आपलं शेवटचं काम करायला कुणाला तरी हाक मारायची, पण त्याचं नाव आधीच पुसलेलं असायचं. २०१४ च्या ३.४ आवृत्तीत आवराआवरीचा क्रम सुधारला आणि हे बव्हंशी थांबलं.

मग प्रश्न पडतो, एवढी उस्तवार कशासाठी? प्रोग्रॅम संपला की ऑपरेटिंग सिस्टीम त्याची सगळी मेमरी परत घेतेच. वाडाच पाडायचाय तर फडताळं कशाला आवरायची? पण प्रत्येक वेळी वाडा पडत नाही. पायथनचा इंटरप्रिटर, म्हणजे प्रोग्रॅम चालवणारी यंत्रणा, दुसऱ्या मोठ्या प्रोग्रॅमच्या पोटात भाडेकरूसारखा राहू शकतो. तो शंभरदा येऊन गेला आणि दर वेळी चार बोचकी मागे ठेवून गेला, तर वाडा भरून जातो.

शिवाय दोन संगणकभाषांमधली सीमा ओलांडतानाची मोजणी असते. गणेशखिंडीतल्या एनसीआरए या संस्थेत, खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या ३० अँटेनांनी टिपलेल्या रेडिओलहरींवर काम चालतं. त्यासाठी तिथल्या रुता काळे आणि ईश्वर चंद्र यांनी लिहिलेली ‘कॅप्चर’ ही प्रणाली पायथनमध्ये आहे. ती ज्या ‘कासा’ सॉफ्टवेअरवर उभी आहे, त्याचं अवजड गणित खाली सी++ करतं. शास्त्रीय जगात असे जोडसंसार सर्रास आढळतात. पायथनमध्ये वही आपोआप लिहिली जाते. सी भाषेत मॉड्यूल लिहिणाऱ्याला ‘घेतलं’, ‘सोडलं’ हे बहुधा हातानेच नोंदवावं लागतं. एक ‘सोडलं’ राहून गेलं की ती वस्तू जन्माची अडकली.

अशा चुका शोधायच्या तर पायथनची खास तपासणीची बांधणी वापरतात. ती निघताना सांगते: इतके धागे, म्हणजे वस्तूंना धरून ठेवणारे हात, उरले, मेमरीचे इतके तुकडे उरले. एकदा रिकामा प्रोग्रॅम चालवून आकडा टिपायचा, मग एकच मॉड्यूल घेऊन पुन्हा टिपायचा. वजाबाकीत जे उरेल त्याला विचारायचं, तुला कोण धरून आहे? इंटरप्रिटर पुन्हा पुन्हा उघडून बंद करायचा आणि आकडा चढतोय का ते बघायचं. निव्वळ कोठीवाल्या काकांचं काम.

गंमत अशी की खुद्द रिकामा पायथनच, काहीही न करता, हजारो धागे मागे ठेवून जायचा. याबद्दलची तक्रार जानेवारी २००७ मध्ये नोंदवली गेली. सीमध्ये लिहिलेल्या अंगच्याच मॉड्यूलांनी आपल्या वस्तू कायमच्या खुंट्यांना टांगल्या होत्या. त्या एकेक उतरवायला दशकाहून जास्त काळ लागला. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या ३.१२ साठी चाचणीच लिहिली आहे: निघताना धागे शून्य, तुकडे शून्य.

त्याच आवृत्तीत आणखी एक नवल घडलं. ‘नन’, ‘खरं’, ‘खोटं’, लहान पूर्णांक अशा काही वस्तूंना चिरंजीव ठरवलं गेलं. पत्रिकेतल्या ‘चि.’सारखं कौतुकाने नव्हे, अश्वत्थाम्यासारखं अक्षरशः. त्यांना कितीही जणांनी धरलं-सोडलं तरी वहीत खूण होत नाही. सतत खोडून लिहिण्याचे श्रम वाचतात. पूर्वी नुकत्याच उघडलेल्या पायथनला ‘काहीच नाही’ला किती जणांनी धरलंय असं विचारलं, तर काही हजारांचा, सारखा हलणारा आकडा यायचा. ३.१२ मध्ये, चौसष्ट बिटांच्या यंत्रावर, उत्तर येतं ४२९४९६७२९५. पुन्हा विचारा. तेच.