मानेतल्या गाठीत सुई घातली तर कॅन्सर पसरतो का? ‘एफएनएसी’ तपासणी समजून घ्या

पायातला काटा पिकला की जांघेत अवधाण येतं, हे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कुठल्याही गावातली आजी सांगेल. जखम बरी झाली की अवधाणही बसतं. पण मानेत गाठ आली, ती दुखत नाही आणि महिना झाला तरी जात नाही, तर?

अशा वेळी डॉक्टर ‘एफएनएसी’ करायला सांगतात. आणि घरातून पहिला सल्ला येतो, “गाठीला सुई लावू नका, कॅन्सर पसरेल.” यात तथ्य किती?

गाठ का येते?

मान, काख आणि जांघेत लसिकाग्रंथी असतात. या शरीराच्या चौक्याच. जंतू अडवताना त्या सुजतात. दात किंवा घसा दुखत असेल तर मानेतली गाठ बहुतेक वेळा साध्या संसर्गाची असते. न जाणाऱ्या गाठीमागे मात्र टीबी असू शकतो. जुन्या लोकांची ‘गंडमाळ’ बहुतेकदा हीच. तंबाखू खाणाऱ्यांमध्ये तोंडाचा कॅन्सरही आधी मानेतल्या गाठीच्या रूपात दिसू शकतो. लिम्फोमा हा तर लसिकाग्रंथींचाच कॅन्सर.

बाहेरून हात लावून यातलं नेमकं काय आहे, हे खात्रीने सांगता येत नाही.

तपासणीत काय करतात?

इंजेक्शनच्या सुईसारखीच बारीक सुई गाठीत घालून थोड्या पेशी ओढून घेतात. त्या काचपट्टीवर पसरून, रंगवून मायक्रोस्कोपखाली पाहतात. काम काही मिनिटांचं. टाके नाहीत, ॲडमिट होणं नाही, बहुतेकदा भूलही लागत नाही. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल तर आधी सांगा.

राहाता तालुक्यातल्या लोणीत १९८४ मध्ये ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. अशा महाविद्यालयांच्या पॅथॉलॉजी विभागात ही नेहमीची तपासणी आहे.

मग कॅन्सर पसरण्याचं काय?

लसिकाग्रंथीच्या तपासणीत सुईमुळे कॅन्सर पसरणं अत्यंत दुर्मीळ आहे. खरा धोका आहे तो महिनोन्‌महिने लेप लावत बसण्याचा.

टीबी निघाला तर?

काचपट्टीवर टीबीचे जंतू दिसले नाहीत, म्हणून टीबी नाही असं होत नाही. म्हणून सुईतल्याच नमुन्याचा काही भाग सीबीनॅट किंवा ट्रूनॅट चाचणीला पाठवतात. ट्रूनॅट तर गोव्यातल्या कंपनीचं यंत्र. या चाचणीत जंतू सापडले, तर नेहमीचं मुख्य औषध त्यांच्यावर चालेल का, हेही कळतं. औषधं सरकारी दवाखान्यात मोफत असतात. गाठीच्या साध्या टीबीचा कोर्स साधारण सहा महिन्यांचा. शिवाय निक्षय पोषण योजनेतून उपचार सुरू असेपर्यंत महिना १,००० रुपये मिळतात.

रिपोर्ट नॉर्मल, पण गाठ तशीच?

इथे गाफील राहू नका. कधी सुईत पुरेशा पेशी येत नाहीत. लिम्फोमाचा नेमका प्रकार ठरवायला बहुतेकदा गाठ काढून बायोप्सी करावी लागते. डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं तर जा.

दवाखान्यात कधी जायचं?

- गाठ दोन-तीन आठवड्यांत कमी झाली नाही किंवा वाढत गेली
- हाताला टणक लागते, जागची हलत नाही
- गळ्याच्या हाडाच्या वर आहे
- सोबत ताप, रात्री घाम किंवा वजन घटणं आहे

दुखत नाही म्हणून गाठ साधी, असं समजू नका. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेकदा दुखतच नाही.