दाराच्या खालच्या कडेचं विज्ञान

पावसाळ्यात दार फुगलं की सुताराला बोलावून रंध्याने कड तासून घ्यायची, ही आपल्याकडची जुनी रीत. जुलैत तासलेलं तेच दार मार्चमध्ये चौकटीत सैल पडतं. मुळात दार फुगतं ते पाणी शोषल्यामुळे, आणि हे पाणी शिरायला सर्वांत सोपी जागा म्हणजे रंगाऱ्याचा ब्रश न पोहोचलेली कड.

झाड तोडून वर्षं उलटली तरी लाकडाची पाण्याशी देवाणघेवाण चालूच राहते. पेशींच्या भिंती हवेतली वाफ शोषतात आणि हवा कोरडी झाली की सोडून देतात. आर्द्रता ५० टक्के असताना लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ९ टक्के पाणी असतं. कोकणात, मुंबईत आषाढ-श्रावणात आर्द्रता ९० टक्क्यांवर गेली की हे प्रमाण २० टक्क्यांकडे सरकू लागतं. लाकूड उंचीत जवळजवळ वाढत नाही, वाढतं ते रुंदीत. म्हणून दार कडेलाच घासतं.

रंग हे पाणी पूर्ण थोपवत नाही, फक्त त्याचा वेग कमी करतो. म्हणूनच कडांचं महत्त्व. झाडात मुळांकडून वर पाणी नेणाऱ्या नळ्या दाराच्या उभ्या पट्ट्यांमध्ये तशाच असतात आणि त्यांची तोंडं वरच्या-खालच्या कडेला उघडी पडतात. दर्शनी बाजूला रंगाचे तीन हात आणि खाली कोरं लाकूड, असं न्हाणीघराचं दार मी कितीतरी घरांत पाहिलं आहे. त्याचा रंग तळापासूनच पोपडे धरतो.

तयारीत सर्वांत दुर्लक्षित काम घासण्याचं. कोऱ्या लाकडावर रंध्याखाली दबलेले तंतू असतात. पाण्यातला प्रायमर लागताच ते उठतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. आधीच ओल्या फडक्याने पुसून ते उठू द्यावेत आणि सुकल्यावर १८० नंबरच्या पॉलिश पेपरने रेषांच्या दिशेने घासावं. आडवं घासलं तर तंतू कापले जातात आणि ते ओरखडे इनॅमलखालूनही दिसतात. सागवानाचा प्रश्न वेगळा. त्याच्यातले तेलकट घटक ऑइल पेंटला वाळू देत नाहीत, म्हणून थिनरने पुसून लगेच अस्तर द्यावं. मग खिळ्यांच्या भोकांत लांबी भरून पुन्हा हलका पेपर.

ऑइल पेंटचं वाळणं दोन टप्प्यांत होतं. आधी थिनर उडून जातो. त्यानंतर तेलाचे रेणू हवेतला ऑक्सिजन घेऊन एकमेकांत गुंफले जातात आणि त्यातून कडक थर तयार होतो. हाताला कोरडा लागणारा रंग आतून अजून घडतच असतो, त्यामुळे दुसऱ्या हाताची घाई केली तर खालचा थर मऊ राहतो. याच क्रियेत उष्णता निघते. बेलतेलात, म्हणजे उकळलेल्या जवसाच्या तेलात, भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप पेटू शकतात. ती बाहेर मोकळी पसरून वाळवावीत.

जुना रंग खरवडताना मात्र फार जपायला हवं. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर दहा लाखांत ९० भागांची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगांत, विशेषतः जुन्या वाड्यांच्या दारांवर, शिसं असण्याची शक्यता मोठी. ती धूळ लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधते. अशा ठिकाणी कोरडा पेपर मारूच नये, पाणी लावून घासावं, मुलांना आणि गरोदर बाईला त्या खोलीपासून दूर ठेवावं आणि धूळ झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने टिपून घ्यावी.

दसऱ्याआधी रंग उरकण्याची आपली घाई लाकडाला मानवत नाही. पावसाचं पाणी तेव्हा त्याच्यात अजून शिल्लक असतं, आणि वर थर बसला की ते बाहेर पडताना फोड येतात. भिंती खुशाल सणाआधी रंगवा. दारं-खिडक्या जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत थांबू शकतात. रंगाऱ्याशी मजुरी ठरवतानाच सांगून ठेवा, की दार बिजागऱ्यांतून उतरवून वरच्या-खालच्या कडांनाही अस्तर आणि रंगाचे दोन हात द्यायचे.