एक दिवा गेला, माळ विझली

दिवाळीसाठी माळ्यावरून बारक्या बल्बची जुनी माळ काढली, तर लागेचना! रविवार कारंजावरच्या दुकानदारानं एक बल्ब बदलला आणि अख्खी माळ उजळली. लेकीनं विचारलं, "आई, मग हॉलमधला बल्ब गेला तर फ्रीज का बंद पडत नाही?"

मैत्रिणींनो, उत्तर सोपं आहे. माळेत एकसर जोडणी असते. वीज एका बल्बातून दुसऱ्यात जाते. एकाची तार तुटली की वाटच बंद. २३० व्होल्टचा दाबही सगळ्यांत वाटला जातो. सहा व्होल्टचे ३८ बल्ब त्यामुळेच सुखरूप राहतात.

घरात असते समांतर जोडणी. दिवा, पंखा, फ्रीज, प्रत्येकाची वाट वेगळी आणि प्रत्येकाला पूर्ण २३० व्होल्ट. एक बंद पडला तरी बाकीचे चालूच.

पण या सोयीतच धोका आहे. वाटा वेगळ्या असल्या तरी मागची तार एकच. हजार वॅटची इस्त्री ४.३ अँपिअर ओढते, ७५० वॅटचा मिक्सर ३.३. सहा अँपिअरच्या एकाच सॉकेटवर मल्टिप्लग लावून दोन्ही चालवलं, की भार होतो ७.६! तार तापते. आमच्या ओट्याजवळचा मल्टिप्लग त्यानंच काळा पडला होता. नशीब, वेळीच दिसला.

आता इस्त्रीला सोळा अँपिअरचा वेगळा पॉइंट घेतलाय. जळका वास आला, तर आधी मेन स्विच बंद करा, मगच वायरमनला बोलवा. आणि फ्यूज उडतो म्हणून जाड तार तर मुळीच घालू नका!